वॉरफरिन चालू असताना केमिस्टने औषध अडवलं, बरोबर का?

प्रश्न (परळ): आईच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, रोज वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी). दाताच्या डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल (जंतुसंसर्गावरचं औषध) लिहिलं. केमिस्ट म्हणाले, "आधी डॉक्टरांशी बोला, मग देतो." एवढं गंभीर असतं?

उत्तर: हो ताई, असतं. मी गिरगावात दुकानावर बसतो. मेट्रोनिडाझोलमुळे वॉरफरिनचं यकृतातलं विघटन मंदावतं. गोळी तेवढीच, पण रक्तात औषध साठतं, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा) चढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. दातवाल्यांना वॉरफरिनचं सांगितलं होतं का? बहुतेक वेळा तिथेच राहून जातं. म्हणून मी प्रत्येक नव्या चिठ्ठीला विचारतोच, "आणखी काय चालू आहे?" गर्दी असली तरी. गुडघेदुखीला आयब्युप्रोफेन मागणाऱ्या आजीआजोबांना तर हमखास. मात्र वॉरफरिन स्वतःहून बंद करू नका, झडपेवर गुठळी होऊ शकते.

दुसरं उत्तर: वॉरफरिन चालू आहे म्हणून पालक-मेथी सोडायची गरज नाही, प्रमाण रोज साधारण सारखं ठेवा.

प्रश्नकर्ती: फोन केला. औषध बदलून दिलं, तरी याच आठवड्यात आयएनआर करायला सांगितलंय.

गिरगाव: उत्तम. रिपोर्ट आला की तुमच्या केमिस्टलाही दाखवा. हिरड्यातून रक्त किंवा काळी शौच दिसली तर थेट हॉस्पिटल गाठा.