मदत हवी आहे : सुकेळी आतून ओली का राहतात?

पूजेला खांब, नैवेद्याला पान आणि भाजीला केळफूल देणारी आमच्या गुहागरच्या परसातील राजेळी जातीची केळ यंदा भरभरून आली, म्हणून वसईकडच्या पद्धतीने मी घरीच सुकेळी, म्हणजे वाळवलेली पिकी केळी, करून पाहिली. पूर्ण पिकलेली केळी सोलून दिवसा उन्हात ठेवली व रात्री सुक्या पानांत गुंडाळली. आठव्या दिवशी ती वरून मधासारखी तांबूस झाली, पण मोडल्यावर आतला गर पांढुरका आणि ओलाच निघाला, दोन केळ्यांवर तर बुरशीही धरली. खाडीवरची दमट हवा हेच कारण असावे, असे मला वाटते. केळी उभी चिरून वाळवावीत, की चुलीच्या वर टांगून ऊब द्यावी? आजारातून उठलेल्या सासूबाईंचा अशक्तपणावर सुकेळ्यांवरच विश्वास आहे, त्यामुळे जाणकारांनी कृपया लवकर सांगावे.