नवे किरणोपचार आणि गावाकडचा रुग्ण

कर्करोगावरील नवी यंत्रे शहरातल्या पैसेवाल्यांसाठीच असतात, हे अनेकांचे मत मला अर्धेच पटते. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे खर्ऱ्यामुळे (तंबाखू-सुपारीच्या घोटलेल्या मिश्रणामुळे) होणारा तोंडाचा कर्करोग गावोगावी ठाऊक आहे, आणि त्यावरील किरणोपचार म्हणजे आठवड्यातून 5 दिवस, असा 6-7 आठवड्यांचा बहुधा नागपुरातला मुक्काम. पूर्वी या किरणांच्या माऱ्यात गाठीबरोबर लाळग्रंथीही सापडत. तोंड कायमचे कोरडे पडे आणि ज्वारीच्या भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नसे. ‘आयएमआरटी’ या किरणोपचाराच्या नव्या पद्धतीत यंत्रातील धातूच्या पातळ पट्ट्या सरकवून किरणांची तीव्रता जागोजागी कमी-जास्त करता येते, त्यामुळे कानाजवळच्या लाळग्रंथी बऱ्याच रुग्णांत वाचवता येतात. मात्र मान हलून चालत नाही, म्हणून गरम पाण्यात मऊ केलेला जाळीदार प्लास्टिकचा पत्रा चेहऱ्यावर ताणून प्रत्येकाचा स्वतंत्र मुखवटा बनवतात आणि रोज तोच टेबलाला अडकवतात. (त्याला घाबरणारे पुष्कळ, आधी समजावून सांगितले तर निभते.)

स्तनाच्या कर्करोगात मला वेळेची बचत अधिक मोलाची वाटते. किरणोपचाराच्या पूर्वीच्या 25 ऐवजी 15 बैठका, म्हणजे 5 आठवड्यांऐवजी 3, पुष्कळ रुग्णांना पुरतात, हे मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसणाऱ्या रुग्णाच्या उपचारांचा खर्च निघतो. परंतु ऐन कापूस वेचणीत मजुरी बुडवून सोबतीला राहणाऱ्याचा भार घरावरच पडतो, आणि तो हलका होतो तो बैठका कमी झाल्यानेच.