इटालियन प्लास्टर : जुन्या लांबीवर (पुट्टीवर) चालेल का?

इंदिरानगरकर
नमस्कार. नाशिकच्या इंदिरानगर भागात आमचा पंधरा वर्षांचा जुना फ्लॅट आहे. हॉलमधील १२ बाय १० फुटांच्या एका भिंतीला इटालियन प्लास्टर, म्हणजे संगमरवरासारखी झिलई असलेला व्हेनेशियन प्रकार, करून घेण्याचा विचार आहे. भिंतीवर लांबी आणि तिच्यावर प्लास्टिक पेंट आहे. ही भिंत पश्चिमेकडील, बाहेरची; पावसाळ्यात तिच्या खालच्या दीड-दोन फुटांत ओल येऊन पोपडे सुटतात. रंगारी म्हणतात की पॉलिश पेपर मारून थेट काम करू, ओलही झाकली जाईल. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

थापी आणि चुना
ओल झाकली जाणार नाही, हे प्रथम स्पष्ट सांगतो. अस्सल व्हेनेशियन प्लास्टर म्हणजे विरवलेला चुना आणि संगमरवराची पूड. हा थर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो आणि वाफ आरपार जाऊ देतो. त्यामुळे थोडाफार दमटपणा त्याला सोसतो, पण बाहेरच्या भेगेतून पाणी सतत मुरत असेल तर त्याबरोबर येणारे क्षार पृष्ठभागावर पांढरे फुलतात आणि झिलई उखडते. बाजारात त्याच नावाने ॲक्रिलिकचे डबेही मिळतात. तसा थर वाफ अडवतो, म्हणून ओल्या भिंतीवर त्याला फुगे येतात. आपल्या रंगाऱ्याच्या डब्यात काय आहे, ते आधी वाचा.

लांबीबद्दल : शेवटचा थर अर्धवट सुकत आला की पोलादी थापीने दाबून घोटावा लागतो, आणि खालची लांबी भुसभुशीत असेल तर ती त्या दाबानेच सुटते. म्हणून पोपड्यांच्या भागातील लांबी पक्क्या गिलाव्यापर्यंत खरवडून काढावी. जिथे जुना रंग घट्ट बसलेला आहे, तिथे तो घासून त्यावर बारीक दाण्याचा प्राइमर लावला तरी भागते. थर दोन-तीन आणि प्रत्येक एक मिलिमीटरहून पातळ. जाड थर दिला की तडे ठरलेलेच.

पंचवटीकर
यात इटलीचे इतके अप्रूप कशाला, असे वाटते. आपल्या जुन्या वाड्यांतही बैलाच्या घाण्यात मळलेल्या चुन्याचाच गिलावा असे. अर्थात संगमरवराची पूड घालून भिंत घोटण्याची रीत रोमनांपासूनची आहे, हे मान्य. रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियसने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात वाळूचे तीन आणि संगमरवरी पुडीचे तीन थर सांगितले आहेत. आता सहा थर कोणता रंगारी देणार!

थापी आणि चुना
सहा थरांचा हट्ट नको, पण घोटाईत कसूर नको. रंगद्रव्येही चुन्याला टिकणारी, म्हणजे गेरू, पिवळी माती, लोहाचे ऑक्साइड अशी घ्यावीत. चुन्याच्या तीव्र क्षारतेत बरेच सेंद्रिय रंग फिके पडतात. काम करणाऱ्यांना चष्मा आणि हातमोजे अवश्य द्या, कारण ओला चुना डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते.

इंदिरानगरकर
आभारी आहे. आज पाहिले तर खिडकीच्या छज्जाखाली बाहेरून लांब भेग आहे, आणि डब्यावर ॲक्रिलिकच लिहिले आहे. भेग बुजवून एक पावसाळा भिंत कोरडी राहते का ते पाहणार आहे. दरम्यान रंगाऱ्याकडून चुन्याच्या मालाचा दोन फुटी प्लायवर नमुना करून मागितला आहे. त्याची घोटाई पाहूनच काम द्यायचे ठरवतो.