मदत हवी आहे: डोक्यावर येऊन विझलेला दिवा आणि व्हिडिओतला हिरवा ठिपका

मनीषनगरकर:
मंडळी, मंगळवारी संध्याकाळी आई वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली आणि तिथूनच हाका मारायला लागली. मी वर पोचलो तेव्हा नैऋत्येकडून, विमानतळाच्या अंगाने, एक पिवळसर पांढरा दिवा वर चढत होता. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरणारी विमानं बघतच आम्ही मोठे झालो, त्यामुळे विमान ओळखता येतं. याला लाल-हिरवे दिवे नव्हते, लुकलुक नव्हती, आवाज तर अजिबात नाही. दोन-अडीच मिनिटांत डोक्यावर आला, जरासा ईशान्येकडे सरकला, तांबूस झाला आणि कंदिलाची वात खाली करावी तसा विझला. ढग नव्हते, बाजूच्या चांदण्या दिसत होत्या.

इथवर ठीक. पण मोबाइलवर व्हिडिओ काढला त्यात या दिव्याच्या शेजारी एक हिरवा ठिपकाही आहे. तो वर सरकत सरकत त्याच्या पुढे निघून जातो. डोळ्यांनी आम्हा दोघांनाही तो दिसला नव्हता.

सोसायटीच्या ग्रुपवर 'ड्रोनवाले चोर' सुरू झालं आहे, रात्री दोघे जण काठ्या घेऊन गेटवर बसतात. आणि माझी मावशी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीची, तिकडे २०२२ मध्ये आभाळातून रॉकेटचा तुकडा पडला होता, त्यामुळे आईच्या डोक्यात एकच: 'तसंच काही पडणार असेल तर?' जाणकारांनी सांगा.

तर्रीपोहे:
काऊन घाबरून राह्यले भाऊ! लग्नसराई हाये, कोणाचा तरी ड्रोन असन.

मनीषनगरकर:
ड्रोन आमच्या चुलतभावाच्या लग्नात डोक्यावर दोन तास घोंघावत होता. हा मुका होता हो.

सिंदेवाहीकर:
तुमच्या आईंची भीती समजते, कारण मी तो प्रकार पाहिलाय. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा, रात्री पावणेआठच्या सुमारास. पण ते एक टिंब नव्हतं. जळते तुकडे एकामागे एक, प्रत्येकाला शेपूट, अख्खी मिरवणूक आभाळातून चाललेली. नंतर आमच्याच तालुक्यात लाडबोरीला धातूचं मोठं कडं सापडलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी लाँग मार्च ३ बी रॉकेटचा वरचा टप्पा तो, असं जाणकारांचं मत पडलं. खाली येणारी वस्तू जळते, तुटते, शेपूट सोडते. तुमचा दिवा शांतपणे एकटाच आला आणि विझला. पडणारी वस्तू अशी दिसत नाही, एवढं मावशींना आजच फोन करून सांगा.

दुर्बीण_काटोल:
दोन प्रश्न एकत्र झालेत, ते आधी वेगळे करू. डोळ्यांना दिसलं ते एक, कॅमेऱ्याला दिसलं ते दुसरं.

पहिलं. लुकलुक नाही, आवाज नाही, सरळ वाट, तीनेक मिनिटं, आणि मावळायच्या आधीच आभाळाच्या मध्यात विझणं. हे विझणं फार महत्त्वाचं. तुम्ही कधी संध्याकाळी रामटेकला अंबाळा तलावाच्या काठावर उभे राहिलात का? खाली सावली पडलेली असते आणि वर गडावरच्या देवळांवर अजून ऊन असतं. तसंच हे. आपल्याकडे सूर्य बुडून तास-सव्वा तास झाला तरी चारशे किलोमीटर उंचीवर अजून ऊन असतं. तिथून जाणारा उपग्रह त्या उन्हात चमकतो, त्याचा स्वतःचा दिवा नसतो. मग तो पृथ्वीच्या सावलीत शिरतो. शिरताना त्याच्यासाठी सूर्यास्त होत असतो, म्हणून शेवटी तांबूस झाक. तुम्ही ती न विचारता लिहिलीत, माझं निम्मं काम तिथेच झालं.

एवढा तेजस्वी असेल तर माझा पैजेचा घोडा आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. पण तारीख-वेळ जुळल्याशिवाय मान्य करू नका. व्हिडिओची नेमकी वेळ बघा आणि 'हेवन्स अबव्ह' या संकेतस्थळावर नागपूर टाकून त्या दिवसाच्या फेऱ्या काढा.

दुसरं, हिरवा ठिपका. व्हिडिओत कुठे रस्त्यावरचा दिवा आहे का?

मनीषनगरकर:
आहे. समोरच्या खांबावरचा एलईडी. व्हिडिओची वेळ ६ वाजून ४८ मिनिटं.

पण तुमच्या स्थानकाचं काही जमत नाही. तिथे मंगळवारची फेरी दाखवतोय दुपारी १ वाजून १७ मिनिटांनी. भर दुपारी कोणाला काय दिसणार? वाईट वाटून घेऊ नका, पण घोडा हरला.

तर्रीपोहे:
म्या म्हटलं होतं. ड्रोन.

ऑरेंज_सिटी:
थांबा थांबा. तुम्ही गावाचं नाव टाकलंत, पण घड्याळ बदललंत का? ते संकेतस्थळ आपण सांगितलं नाही तर ग्रीनिचच्या वेळेनं बोलतं. साडेपाच तास मिळवा.

मनीषनगरकर:
१:१७ अधिक ५:३० म्हणजे ६:४७. अरे बाप्पा. नैऋत्येकडून येणार, ६:५० ला जवळजवळ डोक्यावर, आणि त्यानंतर लगेच 'सावलीत प्रवेश' असंही लिहिलंय. काटोलवाले, माफी.

दुर्बीण_काटोल:
माफी कसली, या साडेपाच तासांनी मीही एकदा भर थंडीत गच्चीवर कुडकुडलोय.

आता हिरव्याकडे. व्हिडिओ थांबवा, चौकटीच्या बरोबर मध्यावर बोट ठेवा. खांबाचा दिवा मध्यापासून जितका खाली आणि उजवीकडे, तितकाच ठिपका वर आणि डावीकडे सापडेल. भिंगाच्या आतल्या काचांवरून उजेड परततो आणि असं प्रतिबिंब पडतं. तुम्ही मोबाइल वर उचलत गेलात तसा खांबाचा दिवा चौकटीत खाली सरकला, म्हणून ठिपका वर पळाल्यासारखा दिसला. खरं-खोटं करायला एक सोपा उपाय आहे: आभाळात काही नसताना त्याच जागी उभं राहून तसाच व्हिडिओ काढा.

मनीषनगरकर:
काढला. आभाळ रिकामं, हिरवा ठिपका हजर! मंगळवारच्या व्हिडिओतही खांबाचा दिवा खालच्या कडेने बाहेर जातो त्याच क्षणी हा वरच्या कडेने बाहेर जातो. तीन दिवस मी एका खांबाला घाबरत होतो.

गुरुवारीही एक फेरी होती, वायव्येला जरा खाली. आईला घेऊन गच्चीवर गेलो, सोसायटीतले काठीवालेही आले. दिलेल्या मिनिटाला दिवा आला, उत्तरेकडे सरकला आणि विझला. टाळ्या पडल्या. एक काका मात्र अजून म्हणतात, 'पण चोर असू शकतात.' ते गेटवर बसणं काही सोडणार नाहीत, त्यांना चहा मिळतो तिथे.

आईचा प्रश्न: आत माणसं असतात म्हणे, मग ती झोपतात कधी?

ऑरेंज_सिटी:
घड्याळ लावून. साधारण दीड तासाला पृथ्वीची एक फेरी, म्हणजे आपल्या एका दिवसात त्यांचे सोळा सूर्योदय. उजेडावर अवलंबून राहिले तर झोपच नाही. भिंतीला बांधलेल्या पिशवीत शिरून झोपतात.

सिंदेवाहीकर:
मावशींना फोन केला का?

मनीषनगरकर:
आईनेच केला. मावशी म्हणाली, लाडबोरीचं कडं पाहून झालंय, आता हेही बघू. संध्याकाळच्या फेऱ्या संपल्यात, यापुढे काही दिवस पहाटे पाचच्या आसपास आहेत. दोघी बहिणी आपापल्या गावी उठून एकाच वेळी बघणार आहेत, आणि गजर माझ्या मोबाइलवर लावलाय.