दहावी स्टेट बोर्ड: तोंडी सगळं येतं, पेपरात मार्क येत नाहीत. उत्तरं लिहायची कशी?

ऐरोलीची_आई:
नमस्कार मंडळी. मुलगा दहावीला आहे, मराठी माध्यम, स्टेट बोर्ड. प्रिलिमचे पेपर शाळेने घरी बघायला दिलेत आणि ते बघून डोकं धरून बसलेय. अभ्यास करत नाही असं अजिबात नाही हो, तोंडी विचारलं की धडाधड सांगतो, पण भूगोलात ४० पैकी २३. आता हे बघा, प्रश्न होता ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात लोकवस्ती विरळ का, भौगोलिक कारण, ३ मार्कांना. पठ्ठ्याने जवळजवळ पाऊण पान लिहिलंय. ब्राझील हा दक्षिण अमेरिकेतला सर्वात मोठा देश आहे, तिथे पोर्तुगीज बोलतात, ॲमेझॉन ही फार मोठी नदी आहे, तिला अनेक उपनद्या आहेत, असं करत करत शेवटच्या ओळीत "तिथे घनदाट जंगल आहे म्हणून वस्ती कमी आहे". मिळाला १ मार्क. तो म्हणतो एवढं लिहून १ च, बाईंनी वाचलंच नाही.

क्लासचे सर सांगतात भरपूर लिहा, पानं भरलेली दिसली पाहिजेत. शाळेतल्या बाई म्हणतात मुद्देसूद लिहा. ऐकायचं कोणाचं? बोर्डाला आता दिवस थोडे राहिलेत, नवीन काही पाठ करून घेण्यापेक्षा जे येतंय ते नीट उतरावं एवढीच अपेक्षा आहे.

खडू_फळा:
ताई, मी कळव्याला शिकवतो, बोर्डाचे पेपरही तपासायला असतात, म्हणून त्या बाजूने सांगतो. तुमच्या शाळेतल्या बाईंनी वाचलंय, वाचलंय म्हणूनच १ दिलाय. तपासणाऱ्याच्या हातात उत्तरसूची असते, त्यात त्या प्रश्नाचे मुद्दे आणि कुठल्या मुद्द्याला किती गुण ते ठरलेलं असतं, आम्ही ते मुद्दे शोधत खाली येतो. वरून नियामक (मॉडरेटर) काही पेपर पुन्हा बघतो, त्यामुळे मनात आलं म्हणून उगाच वाढवून दिले असं चालत नाही आणि उगाच कापले असंही नाही.

त्या ॲमेझॉनच्या प्रश्नात "का" विचारलंय. पोर्तुगीज भाषा, देशाचा आकार, उपनद्या, सगळं खरं आहे पण विचारलेलं नाही, त्याला अर्धा मार्कही कुठून देणार. अपेक्षित काय होतं, तर खोरं विषुववृत्ताजवळ आहे म्हणून वर्षभर तापमान जास्त आणि पाऊसही जास्त, त्यामुळे हवा उष्ण, दमट आणि रोगट. मग घनदाट वर्षावनं, प्रदेश दुर्गम. त्यामुळे रस्ते रेल्वे फारशी नाही आणि तिथली साधनसंपत्ती वापरायलाही मर्यादा येतात. म्हणून वस्ती विरळ. बघा, चार पाच ओळीत झालं, ३ पैकी ३. आणि मुख्य म्हणजे एकातून दुसरं निघालं पाहिजे, नुसतं "जंगल आहे" लिहून थांबलं तर जंगल असलं म्हणून माणसं का राहत नाहीत हे तपासणाऱ्याने स्वतःच्या मनाने भरायचं का?

मुलाला एक सवय लावा, उत्तर लिहायच्या आधी प्रश्नातला शेवटचा शब्द पेन्सिलने अधोरेखित करायचा. कारणे लिहा, फरक स्पष्ट करा, टीप लिहा, वर्णन करा, ह्यातलं काय आहे ते. अर्धे मार्क तिथेच वाचतात. फरक विचारला असताना आधी एकाची माहिती मग दुसऱ्याची माहिती असे दोन निबंध लिहिणारी मुलं दरवर्षी असतात. तक्ता करा, समोरासमोर एकाच मुद्द्यावरचा फरक आला पाहिजे. डावीकडे पाऊस आणि उजवीकडे लोकसंख्या लिहिली तर तो फरक होत नाही.

राज्यशास्त्रात चूक की बरोबर ते सकारण सांगा असं येतं, तिथे नुसतं "बरोबर" लिहून पुढे पळतात. विचारलंय कारण! मतदानाचं वय २१ वरून १८ केलं, त्यामुळे तरुण मतदारांचा मोठा वर्ग निवडणुकीत आला, अशी निदान दोन वाक्यं हवीत.

घोडबंदर_ट्रॅफिक:
सरांचं पटलं पण सगळ्या विषयांना एकच माप लावू नका प्लीज. माझ्या मुलीची गेल्या वर्षी झाली दहावी, तिने असंच मुद्देसूद मुद्देसूद करत मराठीच्या प्रिलिममध्ये स्वमतला दोन ओळी लिहिल्या आणि कवितेच्या रसग्रहणाला क्रमांक घालून चार मुद्दे. बाईंनी शेरा मारला की ही किराणा मालाची यादी आहे का 😄 भाषेला फुलवून लिहावंच लागतं. मराठीच्या कृतिपत्रिकेत (भाषेच्या प्रश्नपत्रिकेला तेच म्हणतात) ८० पैकी २४ मार्क उपयोजित लेखनाला आहेत, पत्र, बातमी, जाहिरात, कथा आणि शेवटी ते ८ मार्कांचं लेखन, आत्मकथन वगैरे. तिथे काय उत्तरसूचीतले मुद्दे शोधणार?

आणि दुसरं, क्लासवाले जे छापील निबंध देतात ना ते पाठ करू देऊ नका. एका क्लासच्या चाळीस मुलांची फाटक्या पुस्तकाची मनोगतं "मी एक फाटके पुस्तक बोलतोय" पासून शेवटच्या ओळीपर्यंत सेम टू सेम, तपासणाऱ्याला कळत नसेल का.

खडू_फळा:
कळतं हो, दुसऱ्याच पेपरला कळतं. तुमचं म्हणणं मान्य, भाषेत मुद्द्यांची यादी चालत नाही. पण "फुलवून" म्हणजे लांबवून नाही. रसग्रहणात आम्ही तीन गोष्टी बघतो, कवितेचा आशय काय, त्यातलं काव्यसौंदर्य कुठे आहे, आणि भाषेची वैशिष्ट्यं. बहुतेक मुलं आशयच तीनदा फिरवून फिरवून लिहितात, "कवी असे म्हणतात की... कवीला असे सांगायचे आहे की..." आणि भाषेवर एक अक्षर नाही. कवितेतला एखादा शब्द उचला, तो तिथे का आलाय, ओळीला लय कशी आलीय, बोलीभाषा आहे का, प्रतिमा आहे का, दोन वाक्यं लिहा की. तीन छोटे परिच्छेद, क्रमांक न घालता.

पत्रात सगळ्यात जास्त मार्क कुठे जातात सांगू? एकच जाहिरात किंवा निवेदन दिलेलं असतं आणि त्यावर मागणी पत्र किंवा विनंती पत्र लिहा असं असतं. मुलं रोपवाटिकेकडे रोपांची मागणी करता करता मधेच "मोफत द्यावीत ही नम्र विनंती" लिहून मोकळी होतात. मागणी म्हणजे आपण विकत घेतोय, कुठली रोपं, किती, कधीपर्यंत पाठवा, बिल कोणाच्या नावे, हे पाहिजे. आणि दिलेल्या निवेदनातले पत्ते, तारखा नीट बघून उतरवा, मनाने घालू नका. बातमीला मथळा, ठिकाण, तारीख, घडून गेलेल्या गोष्टीचा भूतकाळ, आणि "मला हा कार्यक्रम फार आवडला" तेवढं मात्र नको.

दहावी_झाली_एकदाची:
काकू मी आत्ता अकरावीला आहे वाशीला, मागच्या वर्षीच दिलीय म्हणून लिहितेय. गणित आणि विज्ञान १ मध्ये मार्क कुठे जातात ते सांगते कारण तिथे "येत होतं पण गेले" हे सगळ्यात जास्त होतं.

विज्ञानात उदाहरण सोडवताना दिलेले, सूत्र, किमती, उत्तर आणि एकक असं एकाखाली एक लिहायला सांगा. उत्तर चुकलं तरी सूत्राचे आणि किमती घातल्याचे मार्क मिळतात, पण डोक्यात करून नुसतं चुकीचं उत्तर लिहिलं तर शून्य. आणि ते भिंगाच्या शक्तीचं उदाहरण, नाभीय अंतर २० सेमी दिलंय, शक्ती काढा, आमच्या वर्गात अर्ध्या जणांनी १ भागिले २० करून ०.०५ लिहिलं होतं. सेमीचं मीटर करायचं आधी, ०.२ मीटर, मग १ भागिले ०.२ म्हणजे ५ डायॉप्टर. शिवाय भिंगाच्या सूत्रात वस्तूचं अंतर ऋण घ्यायचं असतं ते वजाचं चिन्ह विसरलं की पुढचं सगळंच बोंबलतं.

भूमितीत प्रमेय आलं की आकृती, पक्ष (काय दिलंय), साध्य (काय सिद्ध करायचंय), मग सिद्धता, आणि प्रत्येक ओळीसमोर कंसात कारण. "व्युत्क्रम कोन", "समरूपतेची कोको (कोन-कोन) कसोटी" असं. कारण नसेल तर ती ओळ कुठून आली असं विचारतात आणि अर्धा अर्धा मार्क जातो. आकृती प्रश्नात दिलेली असली तरी उत्तरपत्रिकेत काढायची. पेन्सिलने, आणि नावं कॅपिटलमध्ये.

ऐरोलीची_आई:
बापरे, किती छान सांगितलंत सगळ्यांनी, खूप आभार. पक्ष साध्य तो लिहितच नाही, आत्ताच पेपर काढून बघितलं 🙈 अजून एक विचारते, त्याचा स्पीड कमी आहे. मराठी आणि इंग्रजी दोन्हीचे पेपर अपुरे राहिले, इंग्रजीत तर शेवटचं लेखन सुटलंच. गणित विज्ञानाला मात्र वेळ उरतो. असं कसं?

खडू_फळा:
त्याचा हिशोब सोपा आहे ताई. गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रांचे पेपर ४० मार्कांचे आणि वेळ २ तास, म्हणजे मार्कामागे ३ मिनिटं. मराठी इंग्रजी ८० मार्क आणि ३ तास, म्हणजे मार्कामागे सव्वादोनच मिनिटं, त्यात उतारे वाचायचा वेळही आला. म्हणून भाषेच्या पेपरात स्पीड कमी पडतो, एकट्या तुमच्या मुलाचं नाही. ३ मार्कांच्या स्वमतला तो जर पंधरा मिनिटं देत असेल तर मागे २४ मार्कांचं उपयोजित लेखन उपाशी राहणारच. त्याला मराठीत पहिले चार विभाग दोन तासांत संपवून तिसरा तास लेखनाला ठेवायचा सराव करू दे. काही मुलं लेखन आधी सोडवतात, चालतं, फक्त प्रश्न क्रमांक नीट टाका.

२०२३ पासून शेवटी १० मिनिटं वाढवून मिळतात, म्हणजे अकराचा तीन तासांचा पेपर २:१० पर्यंत. आधी ती १० मिनिटं सुरुवातीला प्रश्नपत्रिका वाचायला मिळायची, ती पद्धत बंद झाली. त्यामुळे कुठले पर्याय सोडवायचे ते आता लिहिता लिहिताच ठरवावं लागतं. आणि ती वाढीव १० मिनिटं नवीन उत्तर सुरू करायला धरू नका, राहिलेले क्रमांक, एककं, नकाशाची सूची, आलेखाचं शीर्षक असलं बघायला ठेवा. नकाशा भरताना सूची केली नाही म्हणून गेलेले मार्क बघून आम्हालाच हळहळ वाटते.

घोडबंदर_ट्रॅफिक:
अक्षराचं काय सर? आमच्याकडे आजी म्हणते मोत्यासारखं पाहिजे.

खडू_फळा:
मोती नकोत, वाचता येईल एवढं पुरे. उत्तर संपलं की एक ओळ सोडा, नवीन प्रश्न नवीन पानावर, खाडाखोड झाली तर एकच आडवी रेघ मारून पुढे जा. मुख्य शब्दाखाली पेन्सिलची रेघ ठीक आहे, पण स्केचपेन, रंगीत जेल पेन, चांदण्या हे काही नको. निळं किंवा काळं पेन आणि तेच शेवटपर्यंत.

दहावी_झाली_एकदाची:
आणि काकू पुरवणी घेतली की तिथल्या तिथे त्यावर नंबर टाकायला सांगा त्याला, आणि दोरा जरा आधीच मागून ठेवायचा. शेवटच्या पाच मिनिटात सगळा वर्ग एकदम दोरा मागतो आणि सुपरव्हायझर एकच असतात.