'डाउनमिक्स'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
चित्रपटांच्या फाइलींमधला सराउंड आवाज हेडफोनवर ऐकण्यासाठी स्टिरिओत आणतो. त्याची पद्धत मराठीत लिहून ठेवताना 'डाउनमिक्स'पाशी अडलो. 'मिश्रण' लिहिलं, पण काहीतरी चुकतंय असं वाटतं. आणि त्या सराउंडचं ५.१ हे कसं वाचायचं? 'पाच दशांश एक'?

प्रतिसाद
'मिश्रण' खटकणारच. सुटे ट्रॅक एकत्र आणून आवाज घडवणं म्हणजे मिक्सिंग, आणि ते स्टुडिओत आधीच झालेलं असतं. तुम्ही फक्त सहा चॅनेलचे, म्हणजे आवाजाच्या सहा वेगळ्या वाटांचे, दोन करताय. मी 'उतरवणं' म्हणतो.

'दशांश' मात्र नको. तो दशांश नाहीच. पाच पूर्ण चॅनेल (डावा, उजवा, मधला आणि मागचे दोन) आणि एक फक्त खर्जाचा, साधारण १२० हर्ट्झपर्यंतचा, एवढाच त्याचा अर्थ. बोलताना सगळे 'पाच पॉइंट एक' म्हणतात, तेच राहू द्या.

प्रश्नकर्ता
'फाइल उतरवली' म्हणजे डाउनलोड केली, असंही आपण म्हणतो ना? 'आवाज उतरवला' वाचून घोटाळा होईल.

प्रतिसाद
माझं मत 'जिरवणं'ला. जमिनीत पाणी जिरतं तेव्हा ते वेगळं दिसत नाही, पण असतं तिथेच. मधल्या चॅनेलचं नेमकं तेच व्हायला हवं.

हे मी चुकून शिकले. पहिल्यांदा डावा आणि उजवा एवढेच दोन चॅनेल ठेवले, बाकीचे काढून टाकले. पार्श्वसंगीत दणदणीत, दार आपटल्याचा आवाज स्पष्ट, आणि माणसांचे नुसते ओठ हलतायत! संवाद बहुतेक मधल्या चॅनेलमध्ये असतात आणि तोच मी फेकला होता. याला 'गाळणं' म्हणावं. 'जिरवणं' म्हणजे मधला चॅनेल ०.७०७ पटीने डाव्यातही घालायचा आणि उजव्यातही. ०.७०७चा वर्ग ०.५, म्हणून अर्धी शक्ती इकडे, अर्धी तिकडे, एकूण तेवढीच. मागचे दोन त्याच पटीने आपापल्या बाजूला. खर्जाचा चॅनेल मात्र बहुधा खरोखरच गाळतात. एफएफएमपेग हे आवाज-चित्राच्या फाइली बदलणारं सॉफ्टवेअरही मुद्दाम सांगितल्याशिवाय तो घेत नाही.

म्हणून दोन्ही क्रियापदं हवीत. एकाच 'मिश्रण'मध्ये हा फरक बुडतो.

प्रतिसाद
'जिरवणं' म्हटलं की आधी 'त्याची चांगली जिरवली' आठवतं.

प्रतिसाद
तिथे 'त्याची' असते, कर्म अध्याहृत. 'मधला चॅनेल दोन्हींत जिरवला' यात कर्म समोर आहे, 'कशात' तेही आहे. असं वाक्य वाचून कुणाला खोड मोडल्याचं वाटणार नाही. नाम हवं असेल तिथे 'डाउनमिक्स'च ठेवा. 'जिरवणी' ओढूनताणून वाटते.

प्रश्नकर्ता
पटलं. काल करून पाहिलं तर मोठ्या प्रसंगात आवाज फाटला. १ + ०.७०७ + ०.७०७ म्हणजे २.४१४, सगळे एकदम वाजले की मर्यादेबाहेर जाणारच. म्हणून सगळ्याला २.४१४ने भागलं. आता फाटत नाही, पण एकूण आवाज बारीक झाला, तो ऐकताना वाढवावा लागतो. टिपणात आता असं लिहिलंय: 'मधला आणि मागचे चॅनेल डाव्या-उजव्यात जिरवा, खर्जाचा गाळा, आणि फाटू नये म्हणून सगळं एकाच प्रमाणात खाली आणा.'

प्रतिसाद
'खाली आणा'ऐवजी 'बारीक करा' लिहा. आवाज आपण बारीकच करतो.