खट्ट आवाजावर विसंबू नका

ओढणाऱ्या गाडीला ट्रेलर जोडताना बरेच जण म्हणतात, खट्ट आवाज आला, हँडल आत बसलं, ट्रेलरचे ब्रेक लावून पुढं एक हिसका दिला की किंगपिन, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या भागाखालची जाड पिन, लागली समजायची. हिसका द्यायचाच, पण तेवढ्यावर तवंदी घाट चढू नका. ट्रेलर उंच उभा असेल तर पिन फिफ्थ व्हीलच्या, म्हणजे गाडीवर ट्रेलर टेकतो त्या प्लेटीच्या, जबड्यात न उतरता वरच अडकते आणि हलक्या हिसक्याला टिकतेसुद्धा. निपाणीत माझं तेच झालं. आधीच्या ड्रायव्हरनं ट्रेलरचे पाय, म्हणजे सुटा ट्रेलर ज्यावर उभा राहतो ते, जरा जास्तच फिरवून ठेवलेले. हिसका देऊन मी पाय उचलायला उतरलो, तर क्लीनर पोरगं बॅटरी घेऊन वाकलं नि म्हणालं, "मामा, पलीकडचा उजेड दिसतोय की!" दोन प्लेटींत बोटभर फट.

आता रिव्हर्स घेण्याआधीच उंची बघतो. ट्रेलरची प्लेट फिफ्थ व्हीलपेक्षा किंचित खाली हवी, म्हणजे गाडी आत शिरताना ट्रेलर थोडा उचलला जातो. मग बॅटरी मारून जबडा पिनेमागं मिटलाय का बघायचं, पाय त्यानंतरच वर. आणि फिफ्थ व्हीलवर ग्रीसवर ग्रीस थापू नका; उसाच्या हंगामातली धूळ त्यात बसली की ते पॉलिश पेपरचं काम करतं. आधी जुनं खरवडून काढा.